थायलंडात साठावर आणखी तीस दिवस: बेळगाव-खानापूरकडून जाणाऱ्यांसाठी

चियांग माई या थाई शहरातल्या इमिग्रेशन कचेरीत राहण्याची मुदत वाढवल्याचा शिक्का मिळवायला एक सकाळ पुरते. त्या सकाळी लागणारा एक कागद, म्हणजे तुम्ही राहता त्या जागेच्या नोंदीची पावती, मात्र घर भाड्यानं घेतानाच ठरतो आणि तो मिळणं घरमालकावर अवलंबून असतं. हे सगळं लिहितेय ते मुख्यतः त्या कागदासाठी. देवळं, हत्ती आणि रात्रीचे बाजार यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

भारतीय पासपोर्टवर १५ जुलै २०२४ पासून थायलंडात व्हिसाशिवाय ६० दिवस राहता येऊ लागलं, आम्ही गेलो तेव्हाही हेच होतं. तिथल्या इमिग्रेशन कचेरीत अर्ज केला की आणखी ३० दिवस मिळत, फी १,९०० बाट, म्हणजे आपले पाच हजारांच्या वर. ही ६० दिवसांची सवलत कमी करायची चर्चा तिथं २०२५ मध्येच सुरू झाली होती. तेव्हा तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवशी काय लिहिलंय ते बघा. माझ्यासकट कुणाच्याही जुन्या अनुभवावर तिकीट काढू नका. आम्ही गेलो तो २०२५ चा हिवाळा, पुढचे नियम आणि आकडे तेव्हाचे आहेत.

आम्ही खानापूरचे. मी पतसंस्थेतून निवृत्त झाले, हे शाळेतून. भाचा चियांग माईत नोकरीला आहे, त्यामुळे लांब राहायचं ठरलंच होतं. आपल्या भागातून बँकॉकला जायचं तर सोयीच्या दोन वाटा: मुंबई नाहीतर बेंगळुरू. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दोन्हीकडे विमान आहे, पण सामान जास्त असेल तर रात्रीची स्लीपर बस बरी. पासपोर्टला सहा महिने शिल्लक असू देत. नसतील तर नूतनीकरण बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात होतं, पूर्वीसारखं हुबळी गाठायला नको. पासपोर्टावर जन्मगाव जुन्या पद्धतीनं ‘बेळगाव’ आणि आधारवर नव्या सरकारी पद्धतीनं ‘बेळगावी’ असलं तरी तिकडे कुणी विचारत नाही. आपल्याकडे त्यावरून जेवढं तापतं, त्याचा तिथं मागमूस नाही. फॉर्मवर मात्र पासपोर्टात आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

परतीच्या तिकिटाचं जरा नीट ऐका. पुढं मुदतवाढ घ्यायची असली तरी ती तुम्हाला अजून मिळालेली नसते. त्यामुळे मुंबईच्या काउंटरवर विमान कंपनीचा माणूस ६० दिवसांच्या आतलं परतीचं तिकीट मागू शकतो. ‘तिथं जाऊन वाढवणार आहे’ हे त्याला पटत नाही, आणि त्याचंही चूक नाही. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी. प्रवास विमासुद्धा पूर्ण ९० दिवसांचा एकदमच काढा. आणि तिथं पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. पैसे मागणाऱ्या नकली साइट खूप आहेत, पैसे मागितले की ती साइट बंद करायची.

बँकॉकला उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का पडतो, त्यावर ‘या तारखेपर्यंत’ म्हणून हातानं किंवा शिक्क्यानं तारीख असते. काउंटर सोडायच्या आत ती वाचा. ६० दिवस मोजताना उतरलेला दिवस पहिला धरतात. म्हणजे १ डिसेंबरला उतरलात तर मुदत २९ जानेवारीला संपते. दोन महिने म्हणून ३१ जानेवारी मनात धरणारे तिथं मी पाहिले. त्या दोन दिवसांचा दंड रोजचे ५०० बाट. पैशांपेक्षा पासपोर्टवर राहणारी नोंद वाईट.

आता तो कागद. थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या ३८ व्या कलमाप्रमाणे परदेशी माणूस ज्याच्या जागेत राहतो, त्या मालकानं २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. या नोंदीला तिथं सगळे टीएम ३० म्हणतात. हॉटेलवाले हे आपणहून करतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. भाड्याच्या फ्लॅटचे मालक करतात किंवा करत नाहीत. काहींना माहीत नसतं, काहींना भाड्याचं उत्पन्न सरकारदरबारी दिसायला नको असतं. आणि मुदतवाढीच्या खिडकीवर पहिल्यांदा तेच मागतात. आमचा भाचा विमानतळावरून येतानाच म्हणाला, "मावशी, फॉर्म-बिर्म राहू दे. घरमालकिणीनं तुमची नोंद केलीय का, ते आधी बघू." तिनं केली होती, पावतीचा फोटोही पाठवला. शेजारच्या इमारतीतल्या एका जोडप्याचा मालक फोनच उचलत नव्हता. त्यांना शेवटी आठवडाभर हॉटेलात जाऊन राहावं लागलं, त्या हॉटेलनं नोंद केली आणि मग काम झालं.

म्हणून ऑनलाइन घर बघताना भाड्याआधी एकच प्रश्न लिहून विचारा: टीएम ३० करून पावती द्याल का? ‘हो’ असं लिखित उत्तर आलं तरच पुढं बोला. टाळाटाळ झाली तर घर कितीही सुंदर असो, दुसरं बघा. मधे दोन-चार दिवस दुसऱ्या गावी हॉटेलात राहून आलात तर परत आल्यावर मालकाला पुन्हा नोंद करायला सांगावी, कारण तुमची शेवटची नोंद त्या हॉटेलची असते.

बाकी कागद सोपे. टीएम ७ हा अर्ज, त्यावर ४ बाय ६ सेंटिमीटरचा एक फोटो, पासपोर्टच्या फोटोच्या पानाची आणि शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स, टीएम ३० ची पावती, घराचा करार आणि १,९०० बाट रोख. फोटोचं माप आपल्या पासपोर्ट फोटोपेक्षा वेगळं आहे, तिथंच काढा. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईनं सही. एवढी वर्षं काउंटरच्या आत बसून मी लोकांना "सही राहिली बघा" म्हणत आले, त्यामुळे हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

चियांग माईची कचेरी विमानतळाजवळ आहे. साडेआठला उघडते, बारा ते एक जेवणाची सुट्टी. आम्ही आठच्या आधी रांगेत होतो, तरी पुढं बरेच लोक होते. टोकन, मग कागद तपासणी, मग पैसे, मग थांबा. साध्या, पूर्ण कपड्यांत जा. चड्डी-बनियनवर आलेल्या एका गोऱ्याकडे खिडकीतली बाई ज्या नजरेनं बघत होती, ती मला ओळखीची वाटली. आमची चौकशी दोन वाक्यांत संपली: कुठं राहता, का वाढवता. "फिरायला, भाच्याकडे" एवढं पुरलं. लांबलचक कारणं सांगू नका. बँकॉकात राहणाऱ्यांना चेंग वत्तनाच्या सरकारी संकुलात जावं लागतं. मेट्रोची गुलाबी लाइन तिथवर जाते, टॅक्सीवाल्याशी हुज्जत नको.

अर्ज लवकर केला तर दिवस वाया जातात, हा गैरसमज आहे. नवे ३० दिवस जुनी मुदत संपल्यावरच मोजतात. वरच्या उदाहरणात २९ जानेवारीच्या पुढं ते २८ फेब्रुवारीपर्यंत जातात, मग तुम्ही अर्ज २० जानेवारीला केलेला असो. शेवटच्या दिवशी जायचा धोका कशाला? शनिवार-रविवार बंद, शिवाय डिसेंबरात ५ आणि १० तारखेला सुट्टी, वर्षअखेरीला पुन्हा सुट्टी. आपली २६ जानेवारी मात्र तिथं कामाचा दिवस.

बाहेर एजंट भेटतात, दुप्पट पैशांत ‘सगळं करून देतो’ म्हणतात. टीएम ३० नसेल तर तेही फारसं काही करू शकत नाहीत, आणि असेल तर तुमचं काम तुम्हालाच जमतं. दुसरा सल्ला मिळतो तो सीमेवर जाऊन परत यायचा. तो मानू नका. जमिनीवरच्या नाक्यांवरून व्हिसाशिवाय प्रवेश वर्षातून दोनदाच आहे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून असं वरचेवर बाहेर जाऊन परत येणाऱ्यांना अडवायला सुरुवात झाली आहे. मुदतवाढ घेतल्यावर मधेच लाओसला फिरून यायची इच्छा असेल तर एक लक्षात घ्या: री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत आत यायचा परवाना, न घेता देश सोडला की ते ३० दिवस संपले. परमिटाची फी एका वेळेची १,००० बाट.

मुदत ओलांडून राहण्याचा विचार मनातही आणू नका. दंड २०,००० बाटवर थांबतो खरा, पण ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर स्वतःहून हजर झालात तरी एक वर्ष बंदी, आणि पकडले गेलात तर कमी दिवसांसाठीही पाच वर्षं.

खाण्याचं थोडक्यात. पिवळ्या फळ्यावर तांबड्या अक्षरात ‘जे’ लिहिलेल्या दुकानात मांस, अंडं, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नाही, त्यामुळे आमच्याकडच्या माळकऱ्यांचीसुद्धा सोय होते. इतर ठिकाणी भाजीतही माशाचा सॉस पडतो. निपाणीकडच्या मंडळींना एक सूचना: तंबाखू माणशी २५० ग्रॅमपर्यंतच विनाशुल्क, आणि ई-सिगारेट तर नेऊच नका, तिथं बंदी आहे.

चियांग माईला फेब्रुवारीपासून शेतातली आणि डोंगरातली आग वाढते, मार्चपर्यंत हवा इतकी धुरकट होते की दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा होतो. दम्याचा त्रास असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी असे ९० दिवस बसवा. परतीच्या तिकिटाची तारीख नवा शिक्का हातात पडल्यावरच बदला, आणि ती नव्या मुदतीच्या दोन-तीन दिवस अलीकडची ठेवा. विमान रद्द झालं तरी दंड चुकेल.