ड कुठे गेला?

मी माण-खटावचा बातमीदार. सगळी बातमी मोबाईलवर लिहून तिथूनच पाठवायची. वीस-पंचवीस ओळी झाल्या की अंगठे दुखायला लागतात. बोलून टाइप करावं तर ग्रामसभेत शेजारच्याचं बोलणंही बातमीत उतरतं. म्हणून घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड मागवला.

जोडणी सोपी निघाली. मोबाईलवर सहा आकडे आले, ते कीबोर्डवर दाबून एंटर मारलं. पण लिहायला बसलो तर सगळं इंग्रजीत. फोनवर मराठी असली तरी बाहेरच्या कीबोर्डची मांडणी वेगळी निवडावी लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या फोनच्या यादीत मराठी सापडेना. शेवटी इनस्क्रिप्ट, म्हणजे कोणत्या बटणावर कोणतं मराठी अक्षर याची ठरलेली मांडणी, देणारं एक अ‍ॅप टाकलं.

इनस्क्रिप्ट मी संगणकावर शिकलोय. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. बोटं आपोआप पडू लागली, ‘तहसीलदार’ झरकन उमटला. मग ‘दहिवडी’ लिहायला घेतलं आणि ड सापडेना!

इनस्क्रिप्टमध्ये ड असतो ‘पी’च्या शेजारी, चौकटी कंसाच्या बटणावर. घडीच्या कीबोर्डवाल्याने जागा वाचवायला नेमकं तेच बटण उडवलेलं. कंस हवा तर एफएन धरून दुसरं बटण दाबायचं. म्हणजे एका ‘ड’ला दोन बटणं, ‘ढ’ला शिफ्टसकट तीन. आणि आमच्याकडची गावं बघा: वडूज, दहिवडी, म्हसवड! पुसेगावची बातमी तेवढी सुखाने व्हायची.

त्यात एसटीत मांडीवर ठेवला की बिजागरीपाशी मिटायचा. मुलाचं परीक्षेचं पॅड खाली घेऊन पाहिलं. तेवढ्यात बाजूच्या आजोबांनी विचारलं, “पेटी शिकताय व्हय?”

आठवड्याने तो बदलून साधा, न मिटणारा घेतला. पिशवीबाहेर चार बोटं डोकावतो, पण कंसाचं बटण जागच्या जागी आहे. एसटीत तोही काढत नाही, तिथे अंगठेच बरे. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात, पॅडवर ठेवून, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवला की सभेची बातमी चहा येईपर्यंत होते.

एकच खोड. जरा थांबलं की हा झोपतो आणि उठताना पहिलं अक्षर गिळतो. परवा ‘म्हसवड’चा म गेला, नुसतं ‘्हसवड’ उरलं. पाठवायच्या आधी दिसलं म्हणून बरं. आता आधी दोनदा शिफ्ट दाबतो, मग लिहायला लागतो.