‘इन’ गटाने माझा मासा खाल्ला

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तागालोगच्या (फिलिपिन्समधली भाषा) क्रियापदांचा ‘उम’ गट खिशात घातला, आता ‘इन’ गट पंधरा दिवसांत उरकतो. (‘उम’ प्रत्ययाच्या गटात वाक्य करणाऱ्याचं, ‘इन’च्या गटात ज्याचं काही करायचं त्या ठरलेल्या वस्तूचं.) त्याला ६ आठवडे झाले. गट उरकला नाहीच, वर मंगळवारी त्याच्यापायी माझा मासा गेला.

झालं असं. जहाजावरची पहाटेची वॉच (पाळी) संपवून इंजिनरूममधून वर आलो, तर मेसच्या फ्रिजमध्ये माझ्यासाठी झाकून ठेवलेली बशी. लापु-लापुचा, म्हणजे आपल्या हेकरूचा, मधला जाड तुकडा. पण डोळे मिटत होते. म्हणून चीफ कुकला (आम्ही सगळे त्याला कुया म्हणतो, दादा) ऐटीत सांगितलं, “काकाइन आको नाङ इस्दा मामाया.” नंतर मासा खाईन. त्याने मान डोलावली. दुपारी उठून बघतो तर बशी धुऊन उपडी घातलेली, आणि कुया माझ्यासाठी हौसेने छोटे गालुङगोङ मासे तळतोय. माझं तोंड का उतरलं ते बिचाऱ्याला कळेना. मी ‘मासे खाईन’ म्हटलं होतं, कुठलेही. (‘काइन’ म्हणजे खाणे, त्यातला ‘इन’ धातूचाच; ‘काकाइन’ हे ‘उम’ गटाचं रूप, फक्त इथे ‘उम’ दिसत नाही.) ‘तो मासा मी खाणार आहे’ म्हणायचं तर “काकाइनिन को आङ इस्दा” हवं होतं.

रूप बरोबर होतं, गट चुकला होता. आणि तो का चुकला हे शोधण्यात उरलेला आठवडा गेला.

भूतकाळात मी असा चुकत नाही. “किनाइन को आङ इस्दा” हे पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं: म्यां मासा खाल्ला. भाकरी असली तर खाल्ली, मासा असला तर खाल्ला. क्रियापद कर्माच्या ताब्यात आणि मी बाजूला उभा. त्यात ‘को’ म्हणजे ‘माझा’सुद्धा, त्यामुळे ‘ते गाव माझं पाहिलेलं आहे’ याच धाटणीचं वाक्य. मराठी माणसाला हे फुकटात मिळतं, असं मीच पूर्वी लिहून बसलोय. तिथेच फसलो. आपल्याकडे भविष्यकाळ आला की कर्ता पुन्हा गादीवर बसतो: मी मासा खाईन, ती मासा खाईल. म्हणून उद्याचं काही बोलायचं झालं की जीभ आपोआप ‘उम’ गटाकडे वळते. तागालोगला इथे काळाशी देणंघेणं नाही. मासा ठरलेला आहे ना? मग काल खाल्लेला असो, आत्ता खात असा किंवा उद्या खाणार असा, ‘इन’च लावायचा.

दुसरं दुखणं रूपांचं. ३२ धातू, प्रत्येकी ४ रूपं, अशी १२८ कार्डं अँकी या पाठांतराच्या अ‍ॅपमध्ये घातली होती आणि त्यातल्या निम्म्यांवर ‘किनाइनिन’ छापाचे राक्षस: मध्येही ‘इन’, शेवटीही ‘इन’. विकत घेतलेल्या एका ऑनलाइन पाठमालेचा यात हात आहे (नाव घेत नाही, पैसे गेलेच आहेत). भूत, वर्तमान, भविष्य असे तीन रकाने आखून त्यांनी रूपं कोंबली आहेत. शेवटी शाख्टर आणि ओतानेस यांचं १९७२ सालचं जाडजूड व्याकरण उघडलं. वाचायला रेतीसारखं कोरडं, पण हवं ते तिथे सरळ मांडलंय. प्रश्न दोनच विचारायचे: क्रिया सुरू झाली का? संपली का?

सुरू झाली असेल तर ‘इन’ धातूच्या पोटात शिरतो. झालीच नसेल तर शेपटाला लागतो. दोन्हीकडे एकाच वेळी कधीच नाही. आणि कामाला हात घालून किंवा घालायचं ठरवून ते अजून पुरं झालं नसेल, तर पहिलं अक्षर दोनदा. ‘बिली’ घ्या, विकत घेणे: बिनिली, घेतलं. बिनिबिली, घेणं चाललंय. बिबिल्हिन, घ्यायचंय. बस्स. (पोटात शिरणारा प्रत्यय परका वाटत असेल तर संस्कृतचा सातवा गण आठवा: युज्, यु-न-क्ति. मात्र संस्कृत ‘चकार’ची (त्याने केलं) सवय असलेल्यांनी जपून, तिथली द्विरुक्ती झालेल्या गोष्टीची, इथली न संपलेल्या.)

या आठवड्यातला खरा आनंद वेगळाच. “आनोङ गिनागावा मो?” काय करतोयस? हे वाक्य इंजिनरूममध्ये मी ४ वर्षं ऐकतोय, बहुतेक वेळा रागाने विचारलेलं. परवा पाना हातात असताना ते एकदम उघडलं. गावा हा धातू, पोटात ‘इन’ म्हणजे सुरू झालंय, ‘गा’ दोनदा म्हणजे संपलेलं नाही. उत्तर द्यायचं सोडून मी हसत उभा राहिलो. फिटरला वाटलं, गरमी चढली.

उरले ते वात्रट धातू. बिली चं बिल्हिन, दाला चं दाल्हिन, सुनोद चं सुन्दिन, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे कुहा चं कुनिन. यांचा वेगळा तक्ता करून पुढच्या महिन्यात पाठ करायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिताच दिसतंय की मोडतोड फक्त शेपूट लागतं तिथे होते. सुरू झालेल्या रूपांत शेपूटच नाही, त्यामुळे धातू अख्खा राहतो: बिनिली, दिनाला, सिनुनोद, किनुहा. आणि न सुरू झालेलं रूप मोडक्या शब्दाचंच पहिलं अक्षर दोनदा म्हटलं की तयार: दादाल्हिन, सुसुन्दिन, कुकुनिन. म्हणजे प्रत्येक धातूमागे पाठ करायची गोष्ट एकच! थांबा, ‘लुतो’ला लावून बघतो. लुतुइन, लुलुतुइन, बरोबर. सुरू झाल्यावर निलुतो, निलुलुतो. ‘ल’ने सुरू होणाऱ्यात ‘इन’ पोटात न जाता ‘नि’ होऊन दाराशीच उभा राहतो, तेवढा अपवाद ध्यानात ठेवला की झालं. इनोम? इनुमिन, इइनुमिन. चाललं!

तेव्हा तक्ता रद्द. १२८ कार्डं आज रात्री उडवतोय, ३२ ठेवतोय. एका बाजूला धातू, दुसऱ्या बाजूला फक्त शेपूटवालं रूप. ‘आन’ गट पुढच्या महिन्यात सुरू करणार होतो, तोही पुढे ढकलतो. आधी ‘उम’ आणि ‘इन’ यांच्या जोड्या, त्याही फक्त उद्याच्या गोष्टी बोलत.

काल रात्री कुयाने पुन्हा बशी झाकून ठेवली. या वेळी “काकाइनिन को” म्हटलं आणि बशीवर हात ठेवून म्हटलं, न जाणो. अर्ध्या तासाने तो डोकावला. “किनाइन मो ना?” खाल्लास का?

तोंडात घास होता. “किनाकाइन को पा.”