डिप्रेशनच्या गोळीने आलेलं पुरळ आणि स्किन ओपीडीतलं ते टेबल

त्या टेबलाचा राग अजून गेलेला नाही. सनमायकाचं टेबल, पलीकडे शिकाऊ डॉक्टर, अलीकडे एक स्टूल आणि स्टुलाभोवती केस पेपर हातात धरून उभे असलेले सात-आठ जण. मागच्या बाईची पिशवी माझ्या खांद्याला लागत होती. "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" डॉक्टरांनी लिहिता लिहिताच विचारलं. मी म्हणाले, "नाही, काही नाही."

पर्समध्ये फ्लुऑक्सेटिन या डिप्रेशनवरच्या औषधाची पट्टी होती. २० मिलिग्रॅमची कॅप्सूल, रोज नाश्त्यानंतर एक. पण रांगेत आमच्याच गल्लीतल्या एक काकू उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर ते नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

वडील गेल्यानंतरचं वर्ष, डिप्रेशनचं निदान, मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट यात काही अडलं नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. गोळी सुरू करून नववा दिवस होता. अंघोळ करून आले तर पोटावर बारीक लाल ठिपके. संध्याकाळपर्यंत पाठ, दंड, मांड्या, गोवर यावा तसं सगळीकडे. सासूबाई म्हणाल्या, पित्त उठलंय, आणि त्यांनी आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला लावलं. तेवढ्यापुरतं थंड वाटलं. पण पित्ताच्या गांध्या काही तासांत बसतात, इथल्या बसल्या तर दुसरीकडे उठतात. हे ठिपके जागचे हलत नव्हते, उलट एकमेकांत मिसळत चालले होते.

मानसोपचाराचे डॉक्टर आमच्या गावात महिन्यातून एकदाच येतात. त्यांच्या क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "अंगावर उठलंय ना? मग स्किनवाल्यांना दाखवा. सरांना पुढच्या भेटीत सांगा." पुढची भेट जवळजवळ तीन आठवड्यांनी होती. तिथे मी हट्ट धरायला हवा होता. कोणतीही नवी गोळी सुरू केल्यावर पुरळ आलं तर डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलायचं, आणि रिसेप्शनशी नाही, डॉक्टरांशी. औषधामुळे येणारं पुरळ बहुतेक वेळा पहिल्या चार ते चौदा दिवसांत दिसतं. मी अगदी मधोमध होते आणि मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग ओपीडी. पहिल्या खेपेला निदान झालं घामोळं. विदर्भातला मे महिना, त्यामुळे मलाही पटलं. कॅलामाइन आणि सेट्रिझिन घेऊन घरी आले.

पाच दिवसांनी दुसरी खेप. टेबलावर दुसरे डॉक्टर. त्यांनी फक्त मनगट पाहिलं, बाही वर करायलाही सांगितलं नाही, आणि खरूज म्हणाले. घरात आणखी कुणाला खाजत नाही, बोटांच्या बेचक्यांत काहीच नाही, हे मी दोनदा सांगितलं. "तरी सगळ्यांनी लावा." परमेथ्रिनचं मलम, मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने परत. त्या रात्री दहा वाजता मी मुलाला लावलं, नवऱ्याला दिलं आणि सासूबाईंच्या पाठीला लावायला बसले. त्यांचं वय ७१. कूलरच्या वाऱ्यात त्यांच्या अंगावर काटा आला होता. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही, फक्त पदर सावरत म्हणाल्या, "खांद्याखाली राहिलं बघ." दुसऱ्या दिवशी घरातली प्रत्येक चादर उकळत्या पाण्यातून काढली. चादरी पिळताना मला सारखं वाटत होतं की टेबलाशी मी खरं बोलले असते तर ही रात्र या माणसांवर आली नसती. आणि सकाळी नाश्ता झाल्यावर मी पुन्हा तीच कॅप्सूल गिळली.

तिसऱ्या खेपेला ठरवूनच गेले. कागदाच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख लिहिली आणि केस पेपरबरोबर टेबलावर सरकवली. डॉक्टरांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. "डिप्रेशनची गोळी? अहो, मग टेन्शननेच येतंय हे. मानसोपचारवाल्यांना दाखवा." मागचे सगळे गप्प झाले. केस पेपरवर त्यांनी 'स्ट्रेस' लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. मनाचे डॉक्टर म्हणतात कातडीवाल्यांकडे जा, कातडीचे म्हणतात मनवाल्यांकडे जा. मानसिक ताणाने खाज वाढते, हे मलाही मान्य आहे. पण गोळी चालू होती, नवव्या दिवशी पुरळ आलं, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिलेल्या असताना त्यांच्याकडे कुणी बघू नये? डिप्रेशन आहे म्हटलं की त्या माणसाचं अंगही खोटं बोलतं, असं धरून चालायचं का?

ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर पाणी प्यायला बाहेर आल्या होत्या. माझे हात पाहून त्या थांबल्या. "तोंड आलंय का? डोळे चुरचुरतात? ताप? लघवीला आग?" मी प्रत्येकाला नाही म्हणाले. "ओठ, चेहरा सुजला होता कधी? कुठे फोड?" नाही. मग त्यांनी मला सरळ आतल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. हे प्रश्न मी पाठ केलेत, तुम्हीही करा. यातल्या एकाचंही उत्तर हो असेल, कातडी दुखत किंवा सोलवटत असेल, श्वासाला त्रास होत असेल, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत जायचं. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

मोठ्या डॉक्टरांनी पडदा ओढला. बस्स, एक हिरवा पडदा. त्यामागे मला सगळं सांगता आलं. त्यांनी पाठ, पोट पाहिलं, टॉर्चने तोंड आणि डोळे तपासले, रक्त पाठवलं. रिपोर्टमध्ये इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या होत्या, लिव्हर ठीक होतं. मग त्यांनी माझ्यासमोरच मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. चार-पाच मिनिटांचं बोलणं. गोळी बंद. तेवढ्यासाठी माझे दहा दिवस गेले होते.

नंतर मी या औषधाचं अमेरिकेतलं माहितीपत्रक शोधून वाचलं. तिथल्या चाचण्यांत १०,७८२ रुग्णांपैकी ७ टक्क्यांना पुरळ किंवा पित्तासारख्या गांध्या आल्याचं त्यात स्वच्छ छापलंय. म्हणजे ही काही ऐकिवातली गोष्ट नव्हती.

गोळी थांबवली तरी पुरळ लगेच जात नाही, याने घाबरू नका. फ्लुऑक्सेटिन अंगात फार दिवस राहतं, ते आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य पूर्ण निघायला काही आठवडे लागतात. माझं पुरळ मावळायला तीन आठवडे लागले, मग कातडीचा कोंडा पडला. औषध असं हळूहळू निघतं, म्हणूनच मला ती गोळी एकदम थांबवता आली. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिनसारख्या डिप्रेशनच्या दुसऱ्या गोळ्या अशा तोडल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, म्हणून एरवी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच. आणि गोळी सोसली नाही म्हणून उपचारच सोडून देऊ नका. मला हा मोह झाला होता. डॉक्टरांनी वेगळ्या गटातली मिर्टाझॅपिन दिली, रात्री १५ मिलिग्रॅम. झोप लागायला लागली, वजन चार किलो वाढलं, पुरळ आलं नाही. सहावा महिना चालू आहे.

एक राहिलंच. पुरळाचे फोटो रोज खिडकीपाशी, दिवसाउजेडी काढा. ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या माझ्या फोटोंत लाली दिसतच नव्हती.

औषधाचा असा त्रास सरकारकडे कळवता येतो, हे मला सिस्टरांनी सांगितलं. २०१० पासून त्यासाठी देशभर फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो, त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. फोन फुकट लागतो, १८००-१८०-३०२४. रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. माझी कॅप्सूल, सुरू केल्याची तारीख, पुरळाची तारीख, थांबवल्याची तारीख, सगळं भरलं. रुग्णाच्या नावाच्या जागी फक्त आद्याक्षरं लिहायची होती. पूर्ण नाव कुणी मागितलं नाही, मोठ्याने कुणी वाचलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं, गोळीचंही. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या फायलीवर लाल पेनाने लिही, फ्लुऑक्सेटिन चालत नाही म्हणून. आणि मलाही एका कागदावर लिहून दे, तू शुद्धीत नसलीस तर मी सांगेन." तो कागद त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय.