मामी खेकडा उलटा करून बघते, शास्त्रज्ञ पण तेच करतात

मिरगाचा पाऊस लागला की जांबोटीला मामाकडं जायचं आणि रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला उतरायचं हे ठरलेलं, यंदा बी गेलतो. पोत्यात पंधरा-वीस खेकडे गावले (शेजारचे कन्नड लोक एडी म्हणतात). घरी आल्यावर मामी एकेक उचलून उलटा करते, पोटावरची झडप अरुंद असली की नर, रुंद पसरट असली की मादी. एका मादीची झडप जरा उचलली तर आत मसुरीएवढी पिल्लं, पाय-नांग्या सगळं तयार, खचाखच भरलेली! मामीनं ती लगेच बादलीत बाजूला ठेवली, पिल्लांवाली आमच्यात खात नाहीत.

मी हल्ली खेकड्यांच्या वर्गीकरणाचं वाचत बसलोय त्यामुळं मला ती पिल्लं बघूनच भारी वाटलं. कारण समुद्राच्या खेकड्याचं पिल्लू अंड्यातून निघतं ते खेकड्यासारखं दिसतच नाही, काटेरी कायतरी असतं, झोइया म्हणतात, आणि ते लाटांबरोबर कुठच्या कुठं जातं. लोक त्याला वेगळाच प्राणी समजायचे, १८३० च्या सुमारास जॉन व्हॉन थॉम्सन नावाच्या लष्करी डॉक्टरनं आयर्लंडमध्ये बसून दाखवून दिलं की हे खेकड्याचंच पोर आहे. खडकाला चिकटून बसणारे बार्नॅकल तर तोपर्यंत शंखशिंपल्यांच्या खात्यात होते, त्यांची पिल्लं बघितली तेव्हा कुठं ते खेकड्यांच्या भावकीत आले.

आपल्या ओढ्यातल्या खेकड्याला ही भानगडच नाही, पिल्लू आईच्या पोटाखालून उतरतं ते थेट खेकडा होऊनच. पण मग ते लांब जाणार कसं? घाटाच्या या अंगाचं त्या अंगाला जात नाही, आणि हजारो-लाखो वर्षं असं चाललं की डोंगर बदलला की जात बदलते. घाटियाना म्हणून घाटातल्या खेकड्यांचा एक वंश आहे, नाव २०१४ सालचं, त्यातला दोन रंगांचा द्विवर्ण २०२२ ला यल्लापूरकडं सापडला, म्हणजे आमच्या खानापूरच्या खालीच की.

पण वरून बघून जात ओळखायला गेलं की फसलंच. खेकड्याचा चपटा आकार उत्क्रांतीत निदान पाच वेळा वेगवेगळ्या घराण्यांत आलाय, प्राणिशास्त्रज्ञ बोराडेल यांनी १९१६ साली त्याला कार्सिनायझेशन नाव दिलं, हॉटेलात मिळणारा तो महागडा किंग क्रॅब तर खरा खेकडाच नव्हे, रिकाम्या शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबचा भाऊबंद. म्हणून शास्त्रज्ञ पण नर उलटा करतात, झडप उचलतात आणि आतल्या समागमाच्या काड्यांचं टोक भिंगाखाली बघतात. आता जोडीला डीएनए आलाय.

शेतातल्या मोठ्या खेकड्याचं नाव १८३६ चं आहे, कर्नल साइक्स यांनी दख्खनमध्ये गोळा केलेला, वेस्टवुड यांनी नाव दिलं क्युनिक्युलॅरिस, म्हणजे बिळं पाडणारा. मामा बांध फुटला की त्याला जे म्हणतो ते इथं लिहिता येत नाही, पण अर्थ तोच.

जेवताना मी सांगत होतो की डीएनए बघितलं तर झुरळ, मुंग्या, सगळे किडे पण क्रस्टेशियन (म्हणजे खेकडे, कोळंबी वगैरेंच्या) घराण्याच्याच एका फांदीवर येतात. मामीनं हातातली नांगी ताटात ठेवली, "जेवताना सांगायला हेच गावलं व्हय रे तुला?" मामानं मुकाट्यानं अजून रस्सा वाढून घेतला.