वंश म्हणजे नक्की काय धरायचं?

मराठीत आपण रेसलाही (शरीर-रूपावरून ठरवलेला गट) वंश म्हणतो आणि एथ्निक (भाषा-संस्कृतीवरून ठरणारा गट) म्हणायचं तरी वांशिकच म्हणतो, त्यामुळे वाद सुरू झाला की दोघं दोन वेगळ्याच गोष्टींवर भांडत बसतात. मला आफ्रिकेतला रवांडा आठवतो, जिथं १९९४ ला तुत्सींचा वंशसंहार झाला. तिथले दोन गट, हुतू आणि तुत्सी, भाषा एकच किन्यारवांडा, चर्च तेच, घरं शेजारी शेजारी, आपसात लग्नं पण व्हायची. आधी तुत्सी म्हणजे साधारण गुरंवाले नि दरबाराजवळचे, हुतू शेतकरी, आणि माणूस इकडचा तिकडे जाऊ शकायचा. मग बेल्जियमच्या राजवटीत तुत्सी वेगळ्याच वंशाचे ठरवले, नाकं मोजली, १९३० च्या दशकात ओळखपत्रावर नोंदच करून टाकली, झालं, बापाचं तेच मुलाचं. १९९८ च्या अकायेसू खटल्यात (या वंशसंहारातला आरोपी, तिथला एक महापौर) संयुक्त राष्ट्रांच्या रवांडासाठीच्या कोर्टालाच अडचण आली की भाषा-संस्कृती एकच तर हा वेगळा गट कसा, तेव्हा त्यांनी ती ओळखपत्रं आणि लोक स्वतःला काय म्हणवतात तेही धरलं. म्हणून कोणी "तुत्सी वेगळा वंश नाहीतच, मग वंशसंहार कसला" म्हणालं की मला खरंच राग येतो, कारण १९९४ ला रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड बघून तुत्सी माणसं मारली, १०० दिवसांत लाखो.