दुसरा सिंह सिंहीण नव्हताच

मी लंडनला सिरॅमिक्स कॉन्झर्व्हेशनचं काम करते, म्हणजे फुटलेली, तडा गेलेली, आधी कोणीतरी कशीबशी चिकटवलेली भांडी आणि मूर्ती आमच्या टेबलावर येतात. त्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ चिनी सिंहांची जोडी घेऊन आले. कांगशी बादशहाच्या काळातली, म्हणजे १६६२ ते १७२२ मधली. वीतभर उंची, हिरवा, मधाळ पिवळा आणि वांगी असे रंग, चौथऱ्यावर बसलेले, बाजूला अगरबत्ती खोचायची बारकी नळी. नुसतं स्वच्छ करून द्या, लिलावाला पाठवायचेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

ही कामं कशी व्हायची तर आधी मूर्ती ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, न लावताच कडक भाजायची, मग शिशाचं ग्लेझ लावून कमी आचेवर पुन्हा भट्टीत. हिरवा तांब्याचा, पिवळा लोखंडाचा, वांगी मँगनीजचा. शिशाचं ग्लेझ भट्टीत वाहतं त्यामुळे हिरवा पिवळ्यात उतरलेला दिसतो, आणि ते उतरणं मला फार आवडतं, त्यात भट्टीची आच दिसते. पण हेच ग्लेझ मऊ असतं, सहज ओरखडे पडतात, म्हणून हात फार जपून चालवायला लागतो.

तर दोन्ही शेजारी ठेवले आणि काहीतरी खटकलं. जोडीतले सिंह शक्यतो एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. नराच्या उजव्या पंजाखाली चेंडू, मादीच्या डाव्या पंजाखाली पिल्लू. इथे दोघांनी माना एकाच बाजूला वळवलेल्या, नळ्याही एकाच बाजूला, आणि मादीचं पिल्लू चक्क उजव्या पंजाखाली!

खोलीतले दिवे बंद करून यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा टॉर्च मारला, त्यात जुनी डागडुजी वेगळी उठून दिसते. सिंहांची अंगं काळपट, शांत. पण पिल्लाभोवती कडेने चिकटवायला वापरलेली लाख केशरी चमकत होती, आणि पिल्लावरचा हिरवा रंग बाकीच्या हिरव्याशी अजिबात जुळत नव्हता. अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पिल्लाच्या पाठीवर फिरवला तर बोळा हिरवा झाला. भाजलेलं ग्लेझ असं कधीच सुटत नाही. खाली पांढरं प्लास्टर.

मी तिथेच थांबले, कारण यापुढचं मालकाला विचारल्याशिवाय करायचं नसतं. फोन केला, फोटो पाठवले. आधी ते चिडले, साहजिक आहे, जोडीचा भाव आणि सुट्या मूर्तींचा भाव यात खूप फरक पडतो, आणि ज्या दुकानदाराने त्यांच्या वडिलांना ही विकली त्याने जोडी म्हणूनच पैसे घेतले होते. मी त्यांना सरळ सांगितलं की माझ्या रिपोर्टमध्ये मी या पिल्लूवाल्या सिंहाला मादी लिहू शकत नाही. थोड्या वेळाने त्यांचाच फोन, म्हणाले काढा, बघू तर द्या खाली काय आहे.

मग ओलसर कापूस ठेवून प्लास्टर मऊ करत, लाकडी काडीने कणाकणाने काढलं. आधी पिवळा गोल दिसला, मग त्यावरची जाळीची नक्षी, मग चेंडूची रिबीन पंजाखालून बाहेर आलेली. एका बाजूला चेंडूचा टवका उडाला होता, तेवढ्यावरच कोणीतरी अख्खं पिल्लू उभं केलं होतं. म्हणजे दोघेही नर. दोन वेगळ्या जोड्यांतले, दोघांच्याही माद्या कुठेतरी हरवलेल्या.

मला खरंच आनंद झाला. ज्याने तो चेंडू केला त्याच्या बोटांचं काम इतकी वर्षं प्लास्टरखाली होतं, ते आता परत बघता येतं. टवका मी भरला नाही, तसाच ठेवला.

गृहस्थांनी लिलावाच्या कागदावर 'जोडी' ऐवजी दोन वेगळे नग लिहायला सांगितलं. पिल्लाचे तुकडे लेबल लावून त्याच सिंहासोबत डब्यात दिलेत, फोटोंसकट, कारण पुढे जो कोणी हा सिंह घेईल त्याला त्याच्यावर काय काय झालं ते कळायला हवं.