आमची वाटचाल : माल इतवारीत, दुकान मोबाइलात

गोदाम नाही म्हटलं की लोक विचारतात, मग विकता काय? स्टीलची भांडी विकतो. माल नागपूरच्या इतवारी बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याकडे पडून असतो, ऑर्डर आमच्याकडे येते आणि खोकं त्याच्या गोदामातून थेट रायपूरच्या नाहीतर अकोल्याच्या घरी जातं. यालाच ड्रॉपशिपिंग म्हणतात. मालात पैसा अडकत नाही हे खरं, पण हातात मोकळा पैसा लागतोच. ठोकवाला रोजच्या रोज हिशोब मागतो आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे कुरियरकडून यायला दिवस लागतात.

सुरुवातीच्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. धंदा बसायची वेळ आली ती एका धनत्रयोदशीला. त्या दिवशी भांडं घ्यायची रीत, म्हणजे काउंटरवर आणि मोबाइलवर गर्दी एकदमच. व्यापाऱ्याच्या सकाळच्या यादीत पाच डब्यांचे ४० सेट होते, आम्ही ऑनलाइन पानावर ४० शिल्लक दाखवले. दुपारपर्यंत व्यापाऱ्याने ३५ काउंटरवरच विकले आणि कळवलं नाही. संध्याकाळी ऑर्डरी २८, शिल्लक ५. उरलेल्या २३ आम्हाला रद्द कराव्या लागल्या. विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली की दोष विक्रेत्याच्याच खात्यावर चढतो. माल कोणाचा होता हे मार्केटप्लेस, म्हणजे ज्या ऑनलाइन बाजारावर आम्ही विकतो तो, विचारत नाही. ऐन दिवाळीत खातं बंद. वर कळलं ते असं, की हा गृहस्थ आमच्या खोक्यांत स्वतःच्या दुकानाचं कार्ड टाकत होता.

तेव्हापासून व्यापाऱ्याने ३० नग सांगितले तर आम्ही १० दाखवतो. साठा दिवसातून तीनदा विचारतो. सणाच्या आठवड्यात आगाऊ पैसे भरून, खोक्यांवर खडूने खूण करून वेगळा काढलेला मालच पानावर चढतो. आता ज्यांच्याकडून माल उचलतो तिथले मुनीमजी रात्री ८ वाजता लाल वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण आकडा कधी चुकलेला नाही.

खोक्याकडे मात्र स्वतः लक्ष द्यावं लागतं. कुरियर वजन दोन प्रकारे काढतो: काट्यावरचं, आणि लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागलेलं. जास्त भरेल ते लागू. डब्यात डबा बसवलेला सेट काट्यावर २.८ किलो. तो २८×२८×३० च्या खोक्यात ४.७ किलो ठरतो, आणि हाताशी होतं म्हणून ३२×३२×३६ चं घेतलं तर ७.३७. अर्ध्या किलोचा टप्पा धरला तर ५ ऐवजी साडेसात किलोचं भाडं. म्हणून प्रत्येक सेटला खोकं ठरवून दिलंय. वजनकाटा आणि टेप लावलेला फोटो निघाल्याशिवाय पार्सल हलत नाही. वजनाच्या वादात तोच कामाला येतो. झाकण आणि डबा यांच्यामध्ये कागद हवाच, नाहीतर घासून ओरखडे पडतात. आणि मे महिन्यात थर्मल लेबलवर, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेल्या पत्त्याच्या चिठ्ठीवर, ऊन येऊ देऊ नका. नागपूरच्या उन्हात तापलेल्या गाडीत ते काळं पडतं, बारकोड वाचला जात नाही आणि पार्सल वाटेतच अडकतं.

नवीन पोरं फक्त नफा मोजतात, परतीचं पार्सल मोजत नाहीत. समजा, जीएसटी बाजूला ठेवून, सेट ११०० ला विकला. व्यापाऱ्याला ८००, कुरियर १२०, पॅकिंग ३५. हातात राहिले १४५. तोच सेट गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवला तर जायचे १२०, यायचे ११० आणि पॅकिंगचे ३५ गेले, म्हणजे २६५. एक परतीचं पार्सल जवळजवळ दोन विक्र्यांची कमाई खातं. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर आली की आधी फोन करा, पत्त्यात खूण विचारा, मगच लेबल काढा.

बिलं दोन होतात. व्यापारी आम्हाला बिल देतो, आम्ही गिऱ्हाइकाला. माल रायपूरला गेला तरी व्यापाऱ्याच्या बिलावर पुरवठ्याचं ठिकाण आमचं नागपूरच, म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात लागणारा केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी. आमच्या बिलावर छत्तीसगड, म्हणून आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यात माल गेला की लागणारा जीएसटी. व्यापाऱ्याने थेट गिऱ्हाइकाच्या नावाने बिल फाडलं तर तुमचं क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) गेलं आणि गिऱ्हाईकही.

त्या जुन्या व्यापाऱ्याने आता स्वतःचं ऑनलाइन दुकान काढलंय. फोटो मात्र आमचेच उचललेत. पाच डब्यांच्या सेटचा फोटो मोठा करून पाहा, सगळ्यात मोठ्या झाकणात आमच्या ऑफिसची खिडकी दिसते.